एकट्याने अख्खं गाणं: लूपर की मल्टिट्रॅक?

गिटार, बेस, कीबोर्ड, तालवाद्य आणि आवाज हे सगळं एकाच माणसाकडे असलं, की गाणं उभं करायचे मुख्य मार्ग दोन. लूपरवर एक तुकडा वाजवायचा, पेडल दाबून तो फिरता ठेवायचा आणि त्यावर थर चढवत जायचे. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर, गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत वाजवायचं. कोणतं यंत्र घ्यावं यावर खूप बोललं जातं, पण आधी बघायचं ते तुमचं गाणं.

गाणं फिरतं की पुढे जातं?

तुमची दोन-तीन गाणी घ्या आणि मुखड्याचे व अंतऱ्याचे कॉर्ड शेजारी शेजारी लिहा. दोन्हीकडे तोच चार बारचा (मात्रांच्या चार गटांचा) फेरा असेल, बदल फक्त चालीत आणि आवाजाच्या जोरात असेल, तर ते गाणं लूपरवर सुखाने नांदेल. अंतरा वेगळ्या कॉर्डवर जात असेल, मध्येच दोन मात्रा जास्तीच्या येत असतील किंवा शेवटच्या मुखड्याला पट्टी चढत असेल, तर एका ट्रॅकचा लूपर तिथेच अडतो. दोन-तीन ट्रॅकचा लूपर घेतला तर अंतरा दुसऱ्या ट्रॅकवर ठेवता येतो. पण त्याचेही थर कधीतरी लोकांसमोर चढवावेच लागतात आणि तेवढा वेळ गाणं जागच्या जागी उभं राहतं.

हा वेळ मोजून बघा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे १६ मात्रा, साधारण १०.७ सेकंद. पाच थर एकेकदा वाजवायचे तर शब्द सुरू होण्याआधीच ५३ सेकंद गेले. म्हणून दुसऱ्या थरानंतर गायला लागावं आणि उरलेले थर ओळींच्या मधल्या जागांत भरावेत.

लूपरवर लिहिलेल्या गाण्याची एक खोडही असते: फेरा आधी ठरतो, शब्द नंतर येतात. मग सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या होतात आणि प्रत्येक ओळ समेवरच सुरू होते. उपाय सोपा आहे. लूप बंद करून ओळी नुसत्या बोलून बघा. बोलताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथेच गातानाही थांबा, मग ओळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर सुरू झाली तरी चालेल.

लूपर: सगळं पहिल्या दोन दाबांवर

लूपची लांबी पहिल्या आणि दुसऱ्या दाबातल्या अंतराने ठरते. दोन्ही वेळा पाय सारखाच उशिरा पडला तर लांबी बरोबर येते, फक्त पहिल्या स्वराचा ठोसा कापला जातो. दुसराच दाब ६० मिलिसेकंद उशिरा पडला, तर लूप तेवढा लांब होतो आणि टेम्पो ८९.५ वर येतो. नुसती गिटार असेल तर कुणाला कळणारही नाही. सोबत ड्रम मशीन चालू असेल तर प्रत्येक फेऱ्याला ६० मिलिसेकंदांची भर पडते आणि पाच फेऱ्यांत लूप जवळजवळ अर्धी मात्रा मागे जातो. ड्रम मशीन आणि लूपर एकाच मिडी क्लॉकवर (यंत्रांना एका लयीत ठेवणाऱ्या संकेतावर) बांधावेत, नाहीतर ठेकाही लूपमध्येच वाजवावा.

दाबण्याची पद्धत अशी: एक फेरा न नोंदवता वाजवा, दुसऱ्या फेऱ्याच्या समेवर दाबा, चार बार संपल्यावर येणाऱ्या समेवर पुन्हा दाबा, आणि हात थांबवू नका. पेडलमध्ये ‘रेकॉर्डनंतर ओव्हरडब’ (नोंद संपताच वरचा थर घेणं सुरू) ही सेटिंग असेल तर ती चालू ठेवा. त्यामुळे शेवटच्या कॉर्डची घुमारी लूपच्या सुरुवातीवर चढते आणि सांधा ऐकू येत नाही. ‘रेकॉर्डनंतर प्ले’ असेल तर ती घुमारी समेवर कापली जाते आणि दर फेऱ्याला उचकी लागल्यासारखं होतं.

साध्या पेडलवर फक्त शेवटचा थर मागे घेता येतो. पाचव्या थरावर असताना दुसरा बेसूर होता हे कळलं तर इलाज नाही. त्यामुळे क्रम ठरवताना बेसूर किंवा बेताल होण्याची भीती जिथे जास्त, तो थर शेवटी ठेवा. थर एकदा मिसळले की कुणाचा बास कमी, कुणाचा ट्रेबल जास्त असं करता येत नाही, म्हणून प्रत्येक थराला वाजवतानाच वेगळी जागा द्यायची. एक खालच्या तारांवर, एक बाराव्या पडद्याच्या वर, एक हाताने दाबलेल्या तारांचा ठकठक आवाज. तीन थर मधल्याच सप्तकात पडले की २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात चिखल होतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो.

आवाजाचे थर करायचे असतील तर माइक स्पीकरपासून दूर ठेवा आणि गात नसताना म्यूट करा. नाहीतर प्रत्येक ओव्हरडबमध्ये आधीचा लूपही स्पीकरमधून पुन्हा नोंदला जातो.

मल्टिट्रॅक: मोकळीक, आणि तिची किंमत

इथे कोणताही थर कधीही काढता येतो आणि त्यातूनच नवं संकट उभं राहतं: काहीच नक्की होत नाही. १९७९ साली आलेल्या टिअ‍ॅकच्या पोर्टास्टुडिओ १४४ या रेकॉर्डरमध्ये कॅसेटवर चार ट्रॅक मिळायचे. जागा संपली की तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे, आणि मग त्या तिघांचं आपसातलं प्रमाण कायमचं ठरायचं. निर्णय पुढे ढकलायची सोयच नव्हती. आज ती शिस्त स्वतःलाच लावावी लागते: एका भागाचे तीन टेक (नोंदवलेले प्रयत्न), त्यातला एक त्याच दिवशी निवडायचा, बाकीचे पडद्याआड.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) एक वाद्य आणि आवाज यांचा कच्चा ट्रॅक. आवाज हवाच, कारण शब्द कुठे थांबतात हे ऐकू आलं नाही तर ड्रमचे फिल (मधल्या जागा भरणारे छोटे तुकडे) नेमके ओळीवर येऊन आदळतात. मग तालवाद्य, मग बेस, मग कॉर्ड वाजवणारी वाद्यं, खरा आवाज आणि सर्वांत शेवटी सजावट. तालवाद्य झालं की क्लिक बंद करा आणि बेस त्या तालवाद्यावरच वाजवा. दोघांनाही क्लिकचाच आधार दिला तर एक जण जरा पुढे, एक जण जरा मागे राहतो, आणि सगळं वेळेत असूनही ठेका सैल वाटतो.

कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग २४ बिटवर करा, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. वाजवताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल: ४८ किलोहर्ट्झला एका दिशेला २.७ मिलिसेकंद. मिक्स करताना १०२४ चालतो, पण तो तसाच ठेवून वाजवायला बसलात तर एका दिशेलाच २१ मिलिसेकंद उशीर होतो आणि हात चाचपडतात. इंटरफेसमध्ये (वाद्य आणि माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्रात) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे कॉम्प्युटरमधून न फिरवता स्वतःचं वाजवणं थेट ऐकायची सोय असेल तर ते वापरा. सगळे ट्रॅक नेमाने थोडे उशिरा पडत असतील तर आउटपुटची केबल इनपुटला लावून क्लिक नोंदवा, फरक मोजा आणि तो रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये (नोंद तेवढी मागे सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) भरा.

सूर लावताना जे वाद्य हलवता येत नाही ते मालक. पेटीचा ‘ए’ स्वर ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झवर असेल तर गिटार, बेस आणि कीबोर्ड सगळे ४४२ वर आणायचे. एक गिटार जाड वाटावी म्हणून तोच टेक कॉपी करून चिकटवू नका, त्याने फक्त आवाज वाढतो. तोच भाग पुन्हा वाजवा. हातातल्या बारीक फरकांमुळेच तो दोन गिटारींसारखा ऐकू येतो.

वाद्य बदललं की चाल बदलते

अनेक वाद्यं येण्याचा खरा फायदा थरांत नाही, लिहिण्यात आहे. गिटारवर बोटं आपोआप मोकळ्या (न दाबलेल्या) तारांच्या ओळखीच्या कॉर्डकडे धावतात. तीच ओळ कीबोर्डवर घेतली की डावा हात कॉर्डच्या मूळ स्वराऐवजी त्यातलाच दुसरा एखादा स्वर खाली धरू शकतो आणि चालीला वेगळी वाट सापडते. नुसत्या बेसवर लिहिलं तर कॉर्ड मोकळे राहतात, म्हणजे गायच्या स्वराला जास्त जागा. बासरीवर रचलेली ओळ तर श्वासापेक्षा लांब होऊच शकत नाही, त्यामुळे ती गळ्यालाही झेपते. अडलेल्या अंतऱ्याला सातवा थर चढवण्यापेक्षा हा प्रयोग आधी करावा. लूपरवर मात्र तो अर्धाच होतो, कारण फेऱ्याचे कॉर्ड आधीच ठरलेले असतात.

मग कुणी काय निवडावं?

एकटं व्यासपीठावर उभं राहायचं असेल, गाणी दोन-चार कॉर्डच्या फेऱ्यांची असतील आणि पायाला सम सापडत असेल, तर लूपर. गाण्यांत वळणं असतील, आवाजाचे बरेच थर हवे असतील किंवा एखादं वाद्य तुम्हाला अजून तुकड्या-तुकड्यांनीच वाजवता येत असेल, तर मल्टिट्रॅक. लय कच्ची आहे म्हणून लूपर टाळू नका. रोज दहा मिनिटं लूपवर वाजवलं तर लय कुठे चुकते ते लगेच कळतं, कारण चूकही दर फेऱ्याला परत येते.

दोन्ही वापरणार असाल तर लूपर कच्च्या आराखड्याला आणि मल्टिट्रॅक पक्क्या रेकॉर्डिंगला, अशी वाटणी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते. मात्र लूपचीच फाइल उचलून मल्टिट्रॅकच्या प्रकल्पात टाकू नका. ते थर वेगळे होत नाहीत आणि तीन मिनिटं तोच फेरा जसाच्या तसा ऐकून कान कंटाळतो. लूपच्या मात्रा गुणिले ६० भागिले सेकंद, असा टेम्पो काढा. ८९.५ आला तर ९० धरा. पट्टी, फेऱ्याचे कॉर्ड आणि थरांचा क्रम लिहून घ्या आणि सगळं नव्याने वाजवा. उलट दिशेने, म्हणजे वीस ट्रॅकचं गाणं लूपरवर आणायचं असेल, तर ट्रॅक एकेक करून म्यूट करत जा. ज्यांच्याशिवाय गाणं ओळखू येत नाही असे तीन-चार उरतील. लूपरवर तेवढेच घ्या आणि अंतऱ्याला लूप थांबवून एकाच वाद्यावर गा.