पाळकांच्या खांद्यावरचे ओझे आणि सहा महिन्यांचा प्रशिक्षण वर्ग

अचलपूर तालुक्यातील आमच्या छोट्या बॅप्टिस्ट मंडळीतून (बॅप्टिस्ट ही ख्रिस्ती धर्मातील एक प्रोटेस्टंट परंपरा, आणि मंडळी म्हणजे स्थानिक चर्च) गेल्या वर्षी आम्ही चार जण, म्हणजे पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू), दोन डीकन (मंडळीने निवडलेले सेवक) आणि मंडळीची चिटणीस या नात्याने मी, मंडळीतील पुढारी व सभासद यांच्यासाठी भरविल्या जाणाऱ्या एका सेवा-प्रशिक्षण वर्गाला गेलो होतो. वर्ग जुलै ते डिसेंबर असा सहा महिन्यांचा होता. दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी तो परतवाड्यातील एका जुन्या मिशन आवारात सुरू होई आणि शनिवारी दुपारच्या जेवणानंतर संपे. सहा महिन्यांचे शुल्क माणशी ९०० रुपये होते व त्यात मुक्काम, जेवण आणि टिपणांच्या पुस्तिका आल्या. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि त्या मी संस्थेला पत्राने आधीच कळविल्या आहेत. आपल्या मंडळीतून कोणाला अशा वर्गाला पाठवावे की नाही, असा विचार जे करीत असतील त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दिवशी भाषण झालेच नाही, आणि तेच मला फार आवडले. शिक्षकांनी प्रत्येक मंडळीला एक मोठा कागद दिला व मागील महिन्यात मंडळीत जे जे काम झाले ते एकाखाली एक लिहून समोर ते करणाऱ्याचे नाव मांडावयास सांगितले. आमच्या कागदावर ३१ कामे उतरली. रविवारचा संदेश, बुधवारची प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, एक अंत्यविधी, एका लग्नाची बोलणी, माईकची दुरुस्ती, विजेचे बिल, इतकेच काय, कब्रस्तानाच्या कुंपणासाठी ग्रामपंचायतीत दिलेला अर्जसुद्धा त्यात होता. त्यांपैकी २४ कामांसमोर पाळकसाहेबांचे नाव होते. आम्ही सारे मंडळीवर मनापासून प्रेम करणारे लोक आहोत, रविवार चुकवीत नाही, दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देतो, आणि तरीही एका माणसाच्या पाठीवर आम्ही काय लादले आहे हे त्या कागदावर दिसेपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

मग शिक्षकांनी विचारले, “प्रभुभोजनाचे पेले कोण धुते?” प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणारा विधी. त्याचे पेले धुण्याचे काम आम्ही लिहिलेच नव्हते. आमच्याकडे एक वयस्क भगिनी कित्येक वर्षांपासून, लोक अंगणात बोलत उभे असताना, मागच्या ओट्यावर बसून ते लहानसे काचेचे पेले दोन पाण्यांतून काढतात, मऊ कापडावर पालथे घालतात आणि मोजून डब्यात ठेवतात. आजवर त्यांच्या हातून एकही पेला फुटलेला नाही. ते बत्तिसावे काम पाळकसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले आणि त्यासमोर त्या भगिनींचे पूर्ण नाव लिहिले. बराच वेळ आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

दुसऱ्या महिन्यातील शिकवण सिद्धांताची होती व ती या कागदाला धरूनच पुढे गेली. बॅप्टिस्ट परंपरेत विश्वास धरणाऱ्याने स्वतः पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा असतो, म्हणजे मंडळीत येणारा प्रत्येक जण स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते आणि सर्व विश्वासणारे याजक, म्हणजे देवाचे पुरोहित, मानले जातात. १६०९ मध्ये अॅमस्टरडॅम येथे इंग्रज निर्वासितांच्या एका लहान गटापासून या परंपरेची सुरुवात झाली आणि १८३४ मध्ये हॅम्बुर्ग येथे एल्बे नदीत बाप्तिस्मा घेतलेल्या योहान ओंकेन या जर्मन धर्मप्रचारकाने तर “प्रत्येक बॅप्टिस्ट हा मिशनरी” हेच आपले ब्रीद केले. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक व शिक्षक कशासाठी दिले आहेत याचे उत्तर आहे: पवित्र जनांना, म्हणजे सर्व विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कामासाठी तयार करण्याकरिता. ते वचन मी लहानपणापासून ऐकत आले आहे, परंतु सेवा म्हणजे पाळकांचे काम, असाच त्याचा अर्थ माझ्या मनात बसला होता. निर्गमच्या अठराव्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करीत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो की हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, ते इतरांना वाटून दे; ते त्या दिवशी एका डीकनने वाचले आणि आमच्या पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

या वर्गाचा कणा म्हणजे मधल्या महिन्यांत घरी करावयाचे काम. प्रत्येकाला एक काम दिले जाई आणि पुढच्या शुक्रवारी ते झाले की नाही हे सर्वांसमोर सांगावे लागे. शिक्षण घरच्या कामाला जोडून, काही काळाने एकत्र येऊन घेण्याची ही पद्धत १९६३ मध्ये ग्वाटेमालातील एका सेमिनरीने, म्हणजे पाळकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेने, सुरू केली, कारण तेथील खेड्यांतले पुढारी शेती व संसार सोडून शहरात राहू शकत नव्हते. ते कारण आमच्या भागाला जसेच्या तसे लागू पडते. आमच्या विदर्भातील यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही १९८३ मध्ये दूर पुण्याला गेली. सेमिनरीचे पूर्ण शिक्षण आवश्यकच आहे आणि त्याची जागा हा वर्ग घेऊ शकत नाही, परंतु ज्या डीकनची पाच एकर तूर उभी आहे त्याच्यासाठी असा वर्ग हीच खरी शाळा आहे.

तिसऱ्या महिन्यात सभासदांची बैठक कशी घ्यावी हे शिकविले गेले व मला त्याचा सर्वाधिक उपयोग झाला. आमची बैठक वर्षातून एकदा होई, दोन-तीन मोठ्या घरचे लोक बोलत, बाकीचे मान हलवीत आणि बायका मागे बसून घरी जाण्याची वाट पाहत. वर्गात आम्ही एक खोटी बैठक घेतली. विषय होता मंडळीच्या रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत दुकानाचे गाळे बांधावेत काय, आणि हा विषय इतका खरा होता की अर्ध्या तासात लोक खरोखरच भांडू लागले. तेव्हा शिक्षकांनी थांबवून एकेक गोष्ट दाखवून दिली. विषयपत्रिका आधीच्या दोन रविवारी वाचून दाखवावी, मागील इतिवृत्त वाचून मंजूर करावे, एकाने दुसऱ्यांदा बोलण्यापूर्वी ज्याने तोंड उघडलेले नाही त्याला विचारावे, डीकनची निवड हात वर करून नव्हे तर चिठ्ठीने व्हावी. त्याच दिवशी अमरावतीहून आलेल्या एका हिशेबनीसांनी मंडळीच्या न्यासाचे कागद कसे ठेवावेत हे तासाभरात समजावले. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले, कारण आमच्या नोंदीत दोन दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच आहेत. तो एक तास पूर्ण दिवसाचा हवा होता.

चौथा महिना घरभेटीचा होता. येथे वर्गाची एक मोठी उणीव दिसली आणि शिक्षकांचा मोठेपणाही दिसला. पुस्तिकेतील उदाहरणे सगळी शहरातली होती: कार्यालयातील ताण, फ्लॅटचे हप्ते, परदेशी गेलेला मुलगा. खारपाणपट्ट्यातील (जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागातील) एका मंडळीतून आलेले एक वयस्क शेतकरी उभे राहिले व म्हणाले, “सायेब, आमच्याकडचा माणूस बोलत नाई, तो गोठ्यात जाऊन बसते.” शिक्षकांनी पुस्तिका मिटली, खडू त्या काकांच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. मग काकांनी शिकविले. ज्याचे पीक बुडाले आहे त्याच्या घरी गेल्यावर कर्जाचे विचारू नये, बैलाचे विचारावे. एकट्याने जाऊ नये, त्याच्या वयाचा माणूस बरोबर न्यावा. पवित्र शास्त्र लगेच उघडू नये, आधी त्याच्याजवळ गोठ्यात बसावे. एकदा जाऊन थांबू नये, त्याच आठवड्यात पुन्हा जावे. आणि घरात फवारणीचे औषध कोठे ठेवले आहे ते बघून ते शेजारच्या घरी हलवावे, त्यासाठी त्याच्या बायकोशी बोलावे. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. आपल्या जिल्ह्यांत असे घर प्रत्येकाने पाहिलेले आहे, म्हणून अधिक काही कोणी विचारले नाही. माझ्या मते हा तास पुस्तिकेत जसाच्या तसा छापला पाहिजे आणि त्याखाली शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक असलाच पाहिजे, कारण प्रार्थना करणाऱ्या माणसाला पुढे कोणाला फोन करावा हेही माहीत असावे लागते.

पुस्तिकांच्या भाषेविषयी मात्र मला खेदाने लिहावे लागते. वाक्ये उघडपणे इंग्रजीतून उचललेली आहेत, एकेक वाक्य दोनदा वाचूनही कर्ता सापडत नाही, आणि आमच्या डीकनपैकी एक, जे सातवीपर्यंत शिकले आहेत व पवित्र शास्त्र अस्खलित वाचतात, ते या पुस्तिकेपुढे स्वतःला अडाणी समजू लागले. बंगालमधील सेरामपूरला बसून इंग्रज मिशनरी विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला, आणि त्यासाठी वैजनाथ पंडितांसारख्या मराठी विद्वानाचे साहाय्य घेतले. केरी स्वतः बॅप्टिस्ट होता. ज्या परंपरेने आपल्या भाषेसाठी एवढे कष्ट घेतले तिच्याच वर्गात मराठीची अशी हेळसांड व्हावी, हे मला पटत नाही. मेळघाटातील धारणीकडून आलेले दोन कोरकू आदिवासी बंधू तर हरिसाल, सेमाडोहच्या घाटरस्त्याने एसटीने कित्येक तास प्रवास करून येत, आणि त्यांच्या घरच्या भाषेत एक ओळही नसे. ते जेवणाच्या वेळी एकमेकांना कोरकूत समजावून सांगत असत. संस्थेने त्यांच्याकडूनच कोरकूत काही भाग लिहून घेतला तर त्यासाठी वेगळा खर्चही येणार नाही.

दुसरी उणीव वेळेची. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी, अशा दिवसांत शुक्रवार-शनिवार रिकामा ठेवणे म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईने दोन दिवसांचे पैसे सोडणे होय. आम्ही ३८ जण होतो, त्यांत स्त्रिया ७, आणि नोव्हेंबरच्या वर्गाला त्यांतल्या ३ आल्या. ज्या मंडळ्यांमध्ये रविवारी निम्म्याहून अधिक जागा बायकांनी भरलेल्या असतात, त्या मंडळ्यांच्या सेवेचे शिक्षण त्यांच्याशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. तिसरी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. रविवारच्या शाळेवर एक संपूर्ण दिवस दिला गेला, गाणी शिकविली, फळ्यावरची चित्रे शिकविली, परंतु मुलांच्या सुरक्षिततेविषयी एक शब्दही नव्हता. वर्गात नेहमी दोन मोठी माणसे असावीत, दार उघडे असावे, मुलाने काही सांगितले तर ते दडपू नये आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा अत्याचार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाला शिकविले गेलेच पाहिजे.

वर्ग संपून आता पाच महिने झाले. या महिन्यात आम्ही तो कागद पुन्हा लिहिला. कामे ३५ झाली आणि पाळकसाहेबांच्या नावासमोर १३ राहिली. आजाऱ्यांच्या भेटी दोन कुटुंबांनी वाटून घेतल्या आहेत, बुधवारची प्रार्थना आळीपाळीने घरोघरी होते, वीजबिल तरुण संघाचा एक मुलगा मोबाईलवरून भरतो. उपस्थिती जवळपास पूर्वीइतकीच आहे, तेव्हा वर्गाला पाठविले की मंडळी दुप्पट होईल अशी आशा कोणी धरू नये. परंतु गेल्या पंधरवड्यात पाळकसाहेब आपल्या आईला भेटायला चार दिवस गावी गेले आणि रविवारची उपासना वेळेवर सुरू झाली, संदेश एका डीकनने दिला, तो थोडा लांबला, आणि लोक शेवटपर्यंत बसले. मंडळीच्या नवजीवनाविषयी मी आजवर पुष्कळ ऐकले आहे. त्या रविवारी मला ते प्रत्यक्ष दिसले असे मी प्रामाणिकपणे म्हणते. पाळकसाहेब परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विश्रांती होती.

म्हणून वर्गाला जरूर पाठवावे, परंतु एकट्या पाळकांना पाठवू नये. कमीत कमी तीन जण एका मंडळीचे असावेत, त्यांत एक तरी भगिनी असावी, आणि तिची बुडणारी मजुरी मंडळीने आपल्या दानातून भरून द्यावी. आम्ही या वर्षी दोन भगिनींसाठी तसा ठराव बैठकीत मांडला व तो चिठ्ठीने मंजूर झाला. संस्थेने माझ्या पत्राला उत्तर देऊन ऑक्टोबर व नोव्हेंबर हे महिने वगळण्याचे मान्य केले आहे आणि मुलांच्या सुरक्षिततेवर अर्धा दिवस ठेवण्याचे कळविले आहे. पुस्तिकांच्या मराठीबद्दल अजून काही कळलेले नाही. नव्या वर्गाच्या पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी त्या ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करून देण्याची तयारी मी आणि आमच्या मंडळीतील मराठीच्या एक निवृत्त शिक्षिका अशा दोघींनी दर्शविली आहे, आणि उत्तराची वाट पाहत आहोत.