तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातला बायोडाटा: टायपिंग घ्या, मजकूर आपला न्या

बसस्टँडजवळच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बायोडाटा करून मिळतो. यवतमाळ जिल्हा असो की गडचिरोली, पद्धत एकच: मार्कशीट दाखवा, थोडं थांबा, दोन पानं हातात. टायपिंगचा हात चांगला असतो आणि घरी प्रिंटर नसणाऱ्याची सोय होते. घोळ मजकुराचा आहे.

दुकानदाराजवळ एक जुनी फाईल असते. आधीच्या पोट्ट्याचं नाव खोडून तो तुमचं टाकतो. त्यामुळे वरचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' अख्ख्या तालुक्याचं सारखंच, कधी छंदही आधीच्याचेच राहतात. जात, धर्म, आधार क्रमांक हेही छापून येतं. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या खाजगी कंपनीच्या अर्जाला यातलं काही लागत नाही. आधार तर टाकूच नका, हा कागद किती हातांतून फिरेल याचा नेम नसतो.

म्हणून वहीच्या पानावर मजकूर लिहून न्या. नाव, चालू मोबाईल, ईमेल, गाव-तालुका-जिल्हा. मग शिक्षण, शेवटचं आधी. 'आयटीआय फिटर' एवढ्यावर भागत नाही. ड्रिलिंग, लेथ, आर्क वेल्डिंग, व्हर्निअर, मायक्रोमीटर, यातलं जे खरंच हाताळलं ते लिहा. अप्रेंटिसशिपचा विभाग आणि महिनेही हवेत.

खरा मार बसतो तो मधल्या वर्षांचा. बारावीनंतर शेती केली असली तर दुकानदार ते गाळून टाकतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, पोरगा रिकामाच होता. '२०२१ ते २०२३: घरची पाच एकर कपाशी-तूर, ठिबक जोडणी, फवारणी पंपाची दुरुस्ती' अशी ओळ टाका. बियाणे कंपनीच्या फील्डच्या कामाला तर हीच ओळ आधी पाहतात. तसंच 'जिनिंगमध्ये काम' (म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) असं मोघम नको. 'डबल रोलर मशीनवर मदतनीस, नोव्हेंबर ते मार्च' किंवा 'प्रेसवर रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधणे' लिहा. दोन्ही कामं वेगळी आहेत, जिनिंगवाल्याला फरक कळतो.

मराठीत करायचा असेल तर युनिकोडच सांगा, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाईल त्या फॉन्टशिवायच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पाठवायला पीडीएफ घ्या, पण वर्ड फाईलही मागून ठेवा. नाहीतर मोबाईल नंबर बदलला तरी पुन्हा पैसे. फाईलला 'न्यू बायोडाटा २' नको, तुमचं नाव आणि ट्रेड द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ईमेल दुकानदाराने काढून दिला असेल तर पासवर्ड तिथेच बदला आणि रिकव्हरीला नंबर कोणाचा टाकलाय ते बघा. पासवर्ड विसरलात आणि कोड त्याच्या फोनवर गेला, तर ईमेलवर आलेला मुलाखतीचा निरोप काय कामाचा?

लॅमिनेशन करू का, असं विचारलं तर नाही म्हणा. त्यावर सही होत नाही, फाईलला लावायला पंचही नीट बसत नाही, आणि तेवढ्या पैशांत चार प्रती जास्त निघतात.