खेकडा फुकट, पावती पिंजऱ्याची

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळा सुरू झाला की बोर्डवॉकवरच्या, म्हणजे समुद्रालगतच्या लाकडी रस्त्यावरच्या, दुकानांबाहेर एक पाटी लागते: पिंजरा घ्या, हर्मिट क्रॅब फुकट. पाटीखाली जाळीचे रंगीबेरंगी पिंजरे, आणि त्यांत रिकाम्या शंखात घर करून राहणारे हे छोटे खेकडे, शंखांवर कार्टून, फुटबॉल टीमचे रंग, हसरे चेहरे काढलेले. मुलं तिथे थबकतातच. आमची मुलगीही थबकली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिथून दोन खेकडे घरी आणले आणि नाताळच्या आत दोन्ही मेले. विकताना आम्हाला जे जे सांगितलं त्यातलं जवळजवळ काहीच खरं नव्हतं. येत्या मे-जूनमध्ये आपल्यापैकी कितीतरी मराठी घरं मुलांना घेऊन त्याच बोर्डवॉकवर जातील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काउंटरवरच्या मुलाने सांगितलं ते असं. हे खेकडे फार्ममध्ये वाढवलेले आहेत. यांचं आयुष्यच जेमतेम वर्षभराचं. तळाला रंगीत खडे, एक ओला स्पंज आणि डब्यातलं तयार खाणं, एवढं पुरतं. शंखाचा रंग बिनविषारी आहे. गोड बोलला, मुलीच्या हातावर खेकडा ठेवला. पिंजरा, खडे, स्पंज, खाणं, जादा शंख असं करत बिल चाळीस डॉलरच्या वर गेलं. वर सात दिवसांची गॅरंटी.

आधी फार्मचं बघा. अमेरिकेत सर्रास विकला जातो तो कॅरिबियन बेटांकडचा हर्मिट क्रॅब, डावी नांगी मोठी आणि जांभळट असलेला. तो जमिनीवर राहतो, पण मादी अंडी सोडते ती समुद्रात. पिल्लं कित्येक आठवडे समुद्रात तरंगत वाढतात, मग इवलासा शंख शोधून त्यात शिरतात आणि जमिनीवर येतात. हे सगळं बंदिस्त जागेत घडवून आणणं इतकं अवघड आहे की हौशी लोकांना ते फार थोड्या वेळा साधलं आहे. दुकानांत दिसणारे खेकडे जवळजवळ सगळे किनाऱ्यावरून, जंगलातून पकडून आणलेले असतात. आणि आयुष्य वर्षभराचं? नीट ठेवले तर हे प्राणी माणसाच्या घरात 30 वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणं आहेत. मुलीच्या हातावर ठेवलेला तो खेकडा कदाचित तिच्यापेक्षा वयाने मोठा असेल.

आता मुख्य गोष्ट. जमिनीवर राहत असला तरी हा खेकडा श्वास घेतो तो कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओलसर असतील तरच त्याला हवेतला ऑक्सिजन घेता येतो. त्यासाठी भोवतालच्या हवेत 75 ते 85 टक्के आर्द्रता लागते, आणि तापमान साधारण 24 ते 29 अंश सेल्सियस. जाळीच्या पिंजऱ्यात ओलावा टिकतच नाही. आत तीच हवा, जी आपल्या दिवाणखान्यात. इथे ऑक्टोबरात हीटिंग सुरू झालं की घरातली आर्द्रता 30 टक्क्यांवर येते, कडाक्याच्या थंडीत त्याहूनही खाली. त्या हवेत खेकडा हळूहळू गुदमरतो. आणि हळूहळू, हेच विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. तो दुसऱ्या दिवशी मरत नाही. आठवडे जातात, महिने जातात, तो सुस्त होतो, शंखाबाहेर लोंबायला लागतो. आपण समजतो, स्वभाव असेल, थंडी असेल. मरतो तोवर सात दिवसांची गॅरंटी कधीच संपलेली असते, बोर्डवॉकवरची अर्धी दुकानं हिवाळ्यासाठी बंद झालेली असतात, आणि त्या पिंजऱ्याशी मरणाचा संबंध कोणी जोडत नाही.

आमचा पहिला खेकडा एके सकाळी शंखातून अर्धा बाहेर, फिकट, निपचित पडलेला दिसला. मी दुकानात फोन केला. उत्तर आलं, मेला तो, टाकून द्या, पुढच्या वेळी आलात की दुसरा फुकट देऊ. मुलीने टाकू दिला नाही. ती बरोबर होती, कारण तो जिवंत होता. तो कात टाकत होता. कात टाकायला हे खेकडे ओल्या वाळूत खोल पुरून घेतात आणि महिना-दोन महिने, मोठे असतील तर त्याहूनही जास्त, अंधारात राहतात. टाकलेलं कवच ते स्वतःच खातात, त्यातला कॅल्शियम नव्या कवचाला लागतो. खड्यांवर पुरून घ्यायचं कुठे? ते मऊ अंग उघड्यावर सुकत गेलं आणि तो गेला. असे किती जिवंत खेकडे लोकांनी दुकानदाराच्या शब्दावर कचऱ्यात टाकले असतील, याचा विचार मला सहन होत नाही. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा वास येतो, लपत नाही असा. वास नसेल तर हलवू नका, उकरू नका, दुसरा खेकडा असेल तर त्याला वेगळा ठेवा, कारण मऊ पडलेल्या सोबत्याला तो खाऊ शकतो.

रंगीत शंखांबद्दल कळलं तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला. खेकडा आपणहून असा शंख निवडत नाही. त्याला त्याच्या नैसर्गिक शंखातून बाहेर काढतात आणि समोर रंगवलेलेच शंख ठेवतात. उघड्या पोटाने तो फार काळ राहू शकत नाही, म्हणून मिळेल त्यात शिरतो. पुढे ओलाव्याने रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पोटात जातात.

दुसरा मेल्यावर मी पावती घेऊन तक्रार करायला बसले, तेव्हा फुकटचा अर्थ लागला. पावतीवर पिंजरा होता, खडे होते, स्पंज होता. खेकडा नव्हताच. विकलेलाच नाही तर तक्रार कशाची? फोनवर मला हेच ऐकवलं. कुत्र्या-मांजरांच्या विक्रीसाठी न्यू जर्सीत ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा आहे, खेकड्याला तसं काही नाही. तरी राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवता येते आणि मी ती नोंदवली आहे. त्यात जनावराविषयी नाही, तर खोटं सांगून सामान विकल्याविषयी लिहिलं, कारण पावतीत बसतं ते तेवढंच.

मुलाला खरोखर हवाच असेल तर दुकानात जाऊ नका. हौशी पाळणारे लोक नकोसे झालेले खेकडे दत्तक देतात, त्यांच्याकडून घ्या, आणि घर आधी तयार करा. काचेची टाकी, वर काचेचंच झाकण. तळाला साधी वाळू पाच भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, किल्ला करता येईल इतपत ओली, किमान 15 सेंटीमीटर खोल, आणि खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. हीटर पॅड टाकीच्या मागच्या बाजूला लावा, खाली कधीच नाही. खाली लावला तर पुरलेला खेकडा भाजतो. पाण्याच्या दोन वाट्या, बुडून पुन्हा चढता येईल अशा: एकीत गोडं पाणी, दुसरीत मत्स्यालयात वापरतात त्या समुद्री मिठाचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारे थेंब घाला, कारण क्लोरामाइन नुसतं पाणी उघडं ठेवून उडून जात नाही. खायला मीठ-मसाला न लावलेली कवचासकट कोळंबी, मासा, खोबरं, आंबा, गाजर, अंड्याची टरफलं, पक्ष्यांना देतात तो समुद्रफेस. न रंगवलेले, गोल तोंडाचे, जरा लहान-मोठे शंख दर खेकड्यामागे तीन-चार ठेवा. असं घर मिळालं की रात्री तो चढतो, उकरतो, मिशा हलवत सगळीकडे फिरतो. दिवसा झोपतो, तेव्हा त्याला उठवू नका.

आर्द्रतामापक त्या दुकानातला असेल तर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी घालून चिखलासारखं करा, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 च्या आसपास हवा. आमच्याकडचा 50 दाखवत होता.

आणि ज्यांच्या घरी आज तो जाळीचा पिंजरा आहे, खेकडा अजून जिवंत आहे, त्यांनी टाकी येईपर्यंत थांबू नये. पिंजऱ्याला चारही बाजूंनी आणि वरून स्वयंपाकघरातला प्लॅस्टिक रॅप गुंडाळा, एका कोपऱ्यात हवेसाठी फट ठेवा. खडे काढून ओली वाळू भरा. दोन्ही पाणी आजच ठेवा. मग टाकी मागवा.