तीनशे-सहाशेची ओबीडी डबी: जुन्या गाडीला चालते का आणि कोड आल्यावर काय करायचं

ऑनलाइन तीनशे ते सहाशे रुपयांत मिळणारी 'ईएलएम ३२७' नावाची निळी किंवा काळी ब्लूटूथ डबी आणि फोनवरचं एखादं ॲप, एवढ्याचा हा रिव्ह्यू आहे. ओबीडी म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतःच बिघाड ओळखून त्याचा कोड नोंदवायची सोय; डबी सॉकेटमध्ये खोचली की तो कोड फोनवर वाचता येतो. आमचं मत आधीच सांगतो: गाडी २०१३ नंतरची असेल तर डोळे झाकून घ्या, २०१० ते २०१३ मधली असेल तर नीट बघून घ्या, त्याआधीची असेल तर आधी सॉकेट तपासा आणि मगच पैसे घाला.

ही वर्षं येतात ती नियमांमुळे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला. त्याआधी कंपन्या आपापल्या भाषेत बोलायच्या. काही जुन्या मारुतींमध्ये तर सोळा पिनांचं सॉकेट दिसतं, पण डबी लावली की ॲप नुसतं 'कनेक्टिंग' म्हणत बसतं. तिथे डबी खराब नसते. गाडी सुझुकीच्या खासगी प्रोटोकॉलवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या भाषेत, बोलत असते. त्याहून जुन्या एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनच्या) मॉडेलांत डायग्नोसिस कपलरची (तपासणीच्या जोडणीची) ठरलेली पिन वायरच्या तुकड्याने अर्थ केली, म्हणजे बॉडीला जोडली, की चेक इंजिनचा दिवाच कोड सांगतो: एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला, म्हणजे १२, अर्थात सगळं ठीक. कुठली पिन ते त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा. भलतीच पिन अर्थ केली तर फ्यूज उडाला म्हणून समजा.

सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात असतं. टॉर्च मारून बघा. रुंद बाजू वर ठेवली की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. सहा आणि चौदा नंबरला पितळी पट्ट्या असतील तर गाडी बहुधा कॅन या नव्या प्रोटोकॉलवर चालते आणि कुठलीही धड डबी चालेल. तिथे पट्टी नाही, पण सातला आहे, तर के-लाइन, म्हणजे जुनी, संथ पद्धत. अशा गाडीला डबी निवडताना चोखंदळ राहावं लागतं.

कारण बाजारातल्या जवळपास सगळ्या स्वस्त डब्या नकली आहेत. मूळ चिप बनवणारी एल्म इलेक्ट्रॉनिक्स ही कॅनडातली कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. डबीवर 'व्ही १.५' लिहिलेलं असतं, पण ती आवृत्ती त्या कंपनीने कधी काढलीच नव्हती. गंमत म्हणजे, जुन्या के-लाइन गाड्यांना ही खोटी १.५ अनेकदा चालते, आणि वरच्या आकड्याचा रुबाब मिरवणाऱ्या 'व्ही २.१'च्या बऱ्याच नकलांमध्ये के-लाइनचा भागच गाळलेला असतो. विकत घेताना परत करायची सोय आहे ना, एवढं बघून ठेवा.

जोडणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून डबी खोचा, चावी ऑन करा, फोनच्या ब्लूटूथमध्ये १२३४ किंवा ०००० पिन टाका, मग ॲपमध्ये ॲडॉप्टर निवडा. आपोआप जोडलं नाही तर प्रोटोकॉल हाताने 'आयएसओ १४२३०' (के-लाइनवरचा) करून बघा. त्याचे फास्ट आणि पाच बॉड असे दोन प्रकार असतात, दोन्ही वापरून पाहा. के-लाइनवर माहिती संथ येते, म्हणून स्क्रीनवर एका वेळी दोन-तीनच मीटर ठेवा. आयफोनवाल्यांनी साध्या ब्लूटूथची डबी घेऊ नये. त्यांना ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाली लागते.

आता कोड. 'क्लिअर'चं बटण दाबायची घाई करू नका. ते दाबलं की कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, कूलंट किती गरम, लोड किती, हा सगळा तपशील गेला. आधी स्क्रीनशॉट काढा.

आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आहे तो लगेच बदलू नका. पी०११८ घ्या, कूलंट टेम्परेचर सेन्सरचा. ॲपवर लाइव्ह डेटात तापमान उणे ४० दिसतं. पुण्यात जानेवारीतसुद्धा उणे ४० होत नाही. सर्किट तुटलेलं असलं की ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) तेवढंच थंड 'वाटतं', मग तो जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरतो. इंजिन गार असताना सेन्सरचा कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना वायरने एकमेकींना जोडा. तीन पिनांचा सेन्सर असेल, तर मीटरची वायर सोडून सिग्नल आणि ग्राउंड याच दोन. ॲपवरचा आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या वर उडाला, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सर बदला. जागचा हलला नाही, तर वायर तुटली आहे. बंद पडून राहणाऱ्या गाडीत बॉनेटखाली उंदीर आधी आठवावा.

पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), यात ऑक्सिजन सेन्सरचे पैसे सर्रास वाया जातात. सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, अधिक-उणे दहा टक्क्यांत असेल तर चिंता नको. एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या गाडीत आयडलवर ट्रिम अधिक २० आणि २५०० आरपीएमला उतरला, तर व्हॅक्यूम गळती, म्हणजे मीटरच्या पुढे कुठून तरी आत शिरणारी हवा, शोधा. उलट चढावर, लोडवर वाढत गेला, तर फिल्टर आणि पंपाचं प्रेशर तपासा. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून, चालतात. त्यांत आत शिरलेली जादा हवा मॅपला दिसतेच, त्यामुळे पाइप फाटला तर ट्रिमपेक्षा आयडल आरपीएम चढलेला दिसतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले हा फरक लक्षात घेत नाहीत. अशा गाडीत पी०१७१ आला, तर मॅनिफोल्डच्या जोडाशी एक्झॉस्ट गळती आहे का ते आवर्जून बघा. तिथून ओढली गेलेली हवा सेन्सरला फसवते.

मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, त्या मानाने सरळ. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. त्याची कॉईल तिसऱ्यावर लावा, गाडी फिरवा. कोड पी०३०३ झाला तर कॉईल गेली. नाही झाला तर तसाच प्लग बदलून पाहा, मग इंजेक्टर. दिवा जळत राहण्याऐवजी लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, यातही आधी मिसफायर आणि गळती निस्तरा. नवा कन्व्हर्टर जुन्या गाडीच्या मानाने फार महाग पडतो.

एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड आले तर बॅटरी आणि अर्थिंगच्या वायरी बघा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत.

डबीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. या किमतीत जुन्या गाडीचे एबीएस, एअरबॅग आणि चावीच्या इमोबिलायझरचे कोड सहसा वाचता येत नाहीत, त्यासाठी गॅरेजचा स्कॅनर लागतोच. दुसरं, सॉकेटच्या १६ नंबर पिनेला चावी बंद असतानाही करंट असतो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आधीच थकलेली असेल, तर डबी आठवडाभर खोचून ठेवल्यावर स्टार्टर नुसता टकटक करू शकतो. काम झालं की काढून ठेवा.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना मात्र ती खिशात असू द्या. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा क्षणभर तरी लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. आणि कोड शून्य, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का, ते सांगणारे) 'अपूर्ण' दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. विकणाऱ्याला का ते विचारा आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन केल्याशिवाय टोकन देऊ नका.