पिक्सेलमधलं ‘हेड्स अप’: घरात काठी घेऊन चालणारं कुणी असेल तर सुरू कराच

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई काठी घेऊन चालते. गाडीचा हॉर्न तरी वाजतो, मोबाईलमध्ये डोकं घातलेला माणूस मुकाट अंगावर येतो, असं ती म्हणते. पुण्यातल्या कुंटे चौकात एका मुलाचा धक्का लागून तिची काठी निसटली. मुलगा भला होता. काठी उचलून दिली, ‘सॉरी आजी’ म्हणाला आणि दोन पावलांवर पुन्हा स्क्रीनमध्ये बुडाला. घरी आल्यावर मी लेकीचा फोन मागून घेतला, कारण तीही रस्त्याने अशीच चालते.

तिच्याकडे गूगलचा पिक्सेल फोन आहे. सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडलं की ‘हेड्स अप’ सापडतं. गूगलने ते २०२१ मध्ये आधी पिक्सेलवर आणलं. दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर असेलच असं नाही, शोधून बघा. शारीरिक हालचालीची परवानगी द्यावी लागते, लोकेशनची दिली नाही तरी चालतं. मग चालता चालता फोन बघितला की वर बघा, सांभाळून चाला, अशा अर्थाची सूचना स्क्रीनवर येते.

याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधीच समजून घ्या. ते कॅमेऱ्यातून रस्ता बघत नाही. तुम्ही चालताय आणि फोन वापरताय, एवढंच त्याला कळतं. उघडं चेंबर, फुटपाथवर लावलेली दुचाकी, समोरून येणारी आजी, यातलं काहीच त्याला दिसत नाही. कानात इयरफोन घालून चालणाऱ्यांवर तर याचा काहीच इलाज नाही, आणि मला त्यांचीही तितकीच काळजी वाटते.

तरीही उपयोग झाला. लेक सुरुवातीला सूचना बोटाने सारून टाकायची. मी मागे लागले नाही; आजीच्या काठीचं मात्र तिला सविस्तर सांगितलं होतं. आता उत्तर पाठवायचं असलं की ती एखाद्या दुकानाच्या पायरीशी कडेला थांबते, टाइप करते, मग चालायला लागते. मला एवढंच हवं होतं. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद आहेत, बसायला बाकं आहेत, तिथे हे सोपं जातं. लक्ष्मी रस्त्यावर सणाच्या गर्दीत कडेला सरकायलाही जागा नसते, तिथे फोन पर्समध्येच बरा. अलका चौक ओलांडताना तर तो हातातही नको.

२०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर महापालिकेचा पादचारी दिन असतो, रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. आईला हौसेने तिथे नेलं होतं. गाड्या नव्हत्या, पण चालता चालता व्हिडिओ काढणारे इतके होते की मी तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

जपानमधल्या यामातो शहराने २०२० मध्ये रस्त्यावर चालताना फोन बघायला नियमाने मनाई केली, दंड मात्र ठेवला नाही. हेड्स अपही असंच फक्त सांगतं, अडवत नाही. माझ्या लेकीला तेवढं पुरलं. ज्यांना पुरणार नाही त्यांच्यासाठी सूचना आल्यावर काही क्षण स्क्रीन बंद ठेवायची सोय गूगलने द्यावी. ती मिळेपर्यंत माझ्याकडून पाचपैकी चार.