व्हॅक्युम क्लीनर: वॅट, किंमत आणि काही महिन्यांनंतर टिकलेली ओढ

व्हॅक्युम क्लीनर घ्यायला निघालं की सगळ्यात आधी नजरेत भरतो तो वॅटचा आकडा. खोक्यावर सगळ्यात ठळक तोच छापलेला असतो. तुलना करायला बसले तेव्हा मी एक तक्ता केला होता: किंमत, वॅट, डब्याची क्षमता, वायरची लांबी, वजन, आवाज. तक्ता भरून झाल्यावर दिसलं की सगळ्यात मोठे वॅट सगळ्यात स्वस्त मशीनांवरच होते. वॅट म्हणजे ताकद असती, तर असं झालं नसतं.

मी घेतलेला क्लीनर ८०० वॅटचा आहे. वायरवाला, चाकांवर मागून ओढत न्यायचा, पिशवी नसलेला, सायक्लोनचा, म्हणजे हवा गरगर फिरवून केर वेगळा करणारा. घरात आधीपासून १६०० वॅटचा ड्रमसारखा, ओला-सुका दोन्ही ओढणारा क्लीनर आहे आणि तोही अजून धडधाकट आहे. त्यामुळे काही महिने दोन्ही एकाच फरशीवर, त्याच गाद्यांवर आणि त्याच सोफ्यावर आलटून पालटून वापरता आले. रोजच्या कामात ८०० वॅटचा सरस ठरला. असं का झालं ते सविस्तर लिहिते, कारण किंमत आणि वॅट शेजारी शेजारी ठेवून निर्णय घेणारे पुष्कळ लोक मला भेटले आहेत.

खोक्यावरचे वॅट म्हणजे मोटर विजेच्या तारेतून किती वीज घेते तो आकडा. त्यातला मोठा भाग उष्णतेत, आवाजात आणि नळीतल्या घर्षणात जातो. केर उचलायला उपयोगी पडतं ते वेगळंच: हवा किती जोराने खेचली जाते आणि किती प्रमाणात वाहते. जोर किलोपास्कलमध्ये लिहितात, वाहणं लिटर प्रति सेकंदात. दोघांचा गुणाकार केला की हवेची खरी ताकद मिळते, तिला एअरवॅट म्हणतात. पण इथे एक मेख आहे. खोक्यावरचा किलोपास्कलचा आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद असतानाचा, म्हणजे हवा वाहतच नसतानाचा असतो. हवेचा आकडा तोंड पूर्ण उघडं असतानाचा, म्हणजे ओढ जवळजवळ शून्य असतानाचा असतो. २० किलोपास्कल आणि ३५ लिटर असं लिहिलं असेल तर गुणाकार ७०० येतो, पण ही दोन टोकं एकाच वेळी कधीच भेटत नाहीत. हवा जसजशी जास्त वाहते तसतशी ओढ सरळ रेषेत घटते असं ढोबळ धरलं, तर सगळ्यात चांगला बिंदू मध्यावर येतो: १० गुणिले १७.५, म्हणजे १७५ एअरवॅट. मी प्रत्येक मशीनसाठी हा हिशोब केला आणि तक्त्यातली क्रमवारी बरीच उलटीपालटी झाली. जिथे नुसते वॅट दिलेले होते आणि बाकी काहीच नाही, ती मशीनं मी यादीतून काढून टाकली.

युरोपीय संघाने हा वॅटचा मोह कायद्यानेच आवरला. १ सप्टेंबर २०१४ पासून तिथे १६०० वॅटची मर्यादा आली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वर आणली, सोबत आवाजाला ८० डेसिबलची मर्यादाही घातली. क्लीनर कंपन्यांनी मग पंख्याचा आकार, हवेचा मार्ग आणि तोंडाची रचना यांवर मेहनत घेतली. कमी वॅटचं मशीन चांगलं झाडू शकतं हे त्यातून बाजारात सिद्ध झालं. तिथेच आणखी एक गोष्ट घडली, आणि ती माझ्या अनुभवाशी थेट जुळते. क्लीनरच्या ऊर्जा लेबलची चाचणी रिकाम्या पिशवीवर, रिकाम्या डब्यावर होत होती. क्लीनर बनवणाऱ्या डायसन कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ते लेबलच रद्द ठरवलं. मशीन घरात कधीच रिकामं चालत नाही, हा मुद्दा मला सोळा आणे पटतो.

कारण पहिल्या आठवड्यात सगळेच क्लीनर उत्तम असतात. फरक दिसतो तो फिल्टर भरायला लागल्यावर. ड्रमवाल्यात धूळ थेट कापडी फिल्टरवर जाऊन बसते आणि अर्धी खोली झाडून होईपर्यंत ओढ उतरलेली हाताला जाणवते. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरून जड केर डब्यात टाकते आणि फिल्टरपर्यंत फक्त बारीक धूळ पोचते. काही महिन्यांनंतरही, फिल्टर धुतलेला असला तर, माझ्या क्लीनरची ओढ नव्याच्या जवळपास आहे. धुतलेला नसला तर नाही. हे मला इतकं महत्त्वाचं वाटतं की मी मोटरआधी फिल्टर बघून क्लीनर निवडायला सांगेन: तो हाताने सहज निघतो का, धुता येतो का, सुटा मिळतो का.

फिल्टर धुणं सोपं आहे, वाळवणं नाही. स्पंजचा फिल्टर पूर्ण कोरडा व्हायला एक अख्खा दिवस जातो. दमट बसवला तर धूळ त्यावर लेपासारखी बसते आणि मागून येणाऱ्या हवेला कुबट वास येतो. मी दुसरा स्पंज आणून ठेवला आहे, एक वाळत असताना दुसरा चालतो. मागचा घडीचा फिल्टर धुण्याजोगा आहे की फक्त झटकायचा, हे मात्र माहितीपत्रकात वाचूनच ठरवावं.

घरातल्या भिंती घासून रंगवल्या तेव्हा सायक्लोनची मर्यादाही कळली. पुट्टीची भुकटी इतकी बारीक असते की फिरणाऱ्या हवेतून ती खाली पडतच नाही, थेट फिल्टरवर जाते. थोड्याच वेळात मशीन आपोआप बंद पडलं. बिघाड नव्हता. अशा मशीनमध्ये खेचलेली हवाच मोटरला थंड ठेवते. हवा अडली की मोटर तापते आणि सुरक्षेचा थर्मल कटआउट वीज तोडतो. फिल्टर साफ करून, थंड झाल्यावर ते पुन्हा सुरू झालं. उरलेलं काम ड्रमवाल्याने पिशवी लावून केलं. त्याच्या मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणूनच त्याला ओलंही चालतं. असल्या कामाला तोच हवा, आणि त्याला घरातून काढायचा माझा मुळीच विचार नाही.

एक प्रयोग आवर्जून सांगण्यासारखा आहे. प्लगला लावायचा वीज मोजणारा मीटर माझ्याकडे आहे. क्लीनर चालू करून नळीचं तोंड तळहाताने बंद केलं की आवाज चढतो, मोटर जोर लावतेय असं वाटतं. मीटरवर मात्र वॅट उतरतात. हवाच वाहत नसल्याने पंख्यावरचा भार कमी होतो आणि तो रिकामा, जास्त वेगाने फिरतो. तेव्हा वापरताना आवाज अचानक बारीक, कर्कश झाला तर नळीत काहीतरी अडकलंय असं समजावं. आणि दुकानात तळहात चिकटवून ‘काय ओढ आहे’ असं दाखवतात, त्यावर विसंबू नये. त्यात फक्त बंद तोंडाचा जोर कळतो. फरशीच्या फटीत बारीक रवाळ कण पसरून, एका फेरीत किती उचलले जातात ते बघायला मागावं.

त्या एका फेरीत मोटरइतकंच काम तोंड करतं. माझ्या क्लीनरचं फरशीचं तोंड रुंद, खाली मऊ केस असलेलं आहे आणि ते फरशीला नीट टेकतं. ड्रमवाल्याचं तोंड कडक प्लास्टिकचं आहे, कडेने हवा घेतं, आणि त्याचे निम्मे वॅट तिथेच वाया जातात असं माझं मत आहे. गादीसाठी छोटं सपाट तोंड, फटींसाठी निमुळतं तोंड, एवढं पुरतं. डझनभर जोडण्या देणाऱ्या मशीनला जास्त पैसे मोजू नयेत, त्यातल्या बहुतेक खोक्यातच राहतात.

बिनवायरचा क्लीनर बहिणीकडे आहे, मी तो बराच वापरला. जिना, गाडी, पटकन सांडलेलं काही उचलणं यासाठी फार सोयीचा. पण किंमत माझ्या क्लीनरपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यावर लिहिलेली ६० मिनिटं नीट समजून घ्यावीत. २५.२ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ६३ वॅट-अवर. ६० मिनिटं चालायचा तर त्याला सरासरी ६३ वॅटवर चालावं लागणार. ४०० वॅटच्या टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त जोरावर ठेवलात तर नऊ-साडेनऊ मिनिटांत संपला. शिवाय मोटर, डबा, बॅटरी असं सगळं वजन मनगटावर येतं. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तिची किंमत आजच विचारून मूळ किमतीत मिळवावी. आपोआप फिरणाऱ्या रोबो क्लीनरबद्दल एवढंच, की त्यावरचे ५००० पास्कल म्हणजे ५ किलोपास्कल. वायरवाल्याच्या २० शेजारी ५००० वाचून दिपून जाऊ नये.

घरात कुणाला धुळीची ॲलर्जी असेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा, नेमका वर्ग बघावा. एच१३ म्हणजे अडवायला सगळ्यात कठीण आकाराचे कणही किमान ९९.९५ टक्के अडवणारा. ‘हेपासारखा’ असं काही लिहिलं असेल तर तो हेपा नव्हे. चांगला फिल्टरही रबरी सील ढिलं असेल तर निरुपयोगी, हवा कडेने निसटते. आणि बिनपिशवीच्या मशीनचा डबा ओतताना धूळ उडतेच, ही माझी या मशीनबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. मी स्वतःचं नाक-तोंड बांधून, डबा मोठ्या पिशवीत आत धरून उघडते. ॲलर्जीवाल्या घरासाठी मी तरी पिशवीवालाच सुचवेन, पिशव्यांचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहिला तरी.

आवाजाला मी किमतीत चांगलं वजन दिलं आणि ते योग्य ठरलं. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. माझ्या क्लीनरवर ७६ डेसिबल लिहिलं आहे आणि शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असताना, दार लावून, काम होतं. ड्रमवाला सुरू केला की घरात बोलणंच थांबतं.

मोटरच्या आयुष्याचा आकडा शोधला तर मिळतो. वायरवाल्या क्लीनरमध्ये बहुधा कार्बन ब्रशची मोटर असते. हे ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, आणि ते झिजतात. युरोपीय नियमात मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे अशी अट आहे. आठवड्याला तीन तास वापर धरला तरी तीन वर्षांहून जास्त. यापेक्षा कमी तास लिहिलेलं, किंवा सुटे ब्रश मिळत नसलेलं मशीन कितीही स्वस्त असलं तरी मी घेणार नाही.

घरभर जाड गालिचे असतील तर मात्र माझा क्लीनर घेऊ नका. नुसत्या हवेने गालिच्यात रुतलेले केस आणि माती निघत नाही, वेगळ्या मोटरवर फिरणारा ब्रश तोंडातच हवा. तो माझ्या मशीनला जोडता येत नाही, कारण त्यासाठी नळीतून वीज न्यावी लागते आणि तशी नळी यात नाही.