पद्मिनीचे दिवे मंद का? टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर यांची तुलना

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचे दिवे मंदावले, की दोष बहुधा बल्बमध्ये नसून गंजलेल्या अर्थिंगमध्ये (दिव्यातून गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या परतीच्या जोडणीत) किंवा सैल झालेल्या जोडणीत सापडतो. तो शोधण्यासाठी १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (वायर लावलेला तपासणीचा छोटा बल्ब) हाती घ्यावा की व्होल्टेज आकड्यात दाखवणारा मल्टिमीटर?

दिवा अजिबात लागत नसेल, तर मी टेस्ट लॅम्पच आधी घेतो. मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह ओढत नाही. त्यामुळे आतून गंजलेल्या वायरवरही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि माणसाची फसगत होते. ५ वॅटचा टेस्ट लॅम्प सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून अशा वायरवर तो बरेचदा मिणमिणतो आणि दुखणे उघड करतो.

दिवा लागतो पण पिवळट दिसतो, तेव्हा मात्र मल्टिमीटरला पर्याय नाही. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे बल्बच्या होल्डरच्या अर्थिंगवर टेकवावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर बॉडीला जिथे वायर कसलेली आहे तो स्क्रू काढून, त्याखालचा हिरवट थर व रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा. हा अर्धा व्होल्ट क्षुल्लक समजू नये, कारण व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. टेस्ट लॅम्पच्या उजेडात अर्ध्या व्होल्टचा फरक डोळ्यांना कळत नाही.